चार वाजताची नोंद

हॉस्पिटलच्या वकिलांनी झेरॉक्स टेबलावरून तिच्याकडे सरकवली आणि पेनाचं टोक शेवटच्या ओळीवर टेकवलं.

"ही ओळ. मोठ्यानं वाचा. उद्या कोर्टात हीच वाचायला लावणार आहे मी."

सिस्टरने चष्मा लावला. अक्षर तिचंच होतं.

"दुपारचे चार. नाडी ब्याऐंशी. रक्तदाब एकशे वीस, ऐंशी. रुग्ण शुद्धीवर, शांत. दोन घोट पाणी घेतले. पत्नीची आठवण काढली."

"झकास. न्यायाधीशही शेवटी माणूसच असतात." वकील खुर्चीत रेलले. "मी विचारेन, अक्षर कुणाचं? तुम्ही म्हणायचं, माझं. सही? माझी. संपलं. वर एक शब्द नको."

"आणि सरकारी वकिलांनी उलटसुलट विचारलं तर?"

"विचारू देत. तिथे तुम्ही होतात, त्या बाई नव्हत्या."

हॉस्पिटलचे मालक डॉक्टर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. ते तिथूनच म्हणाले, "सिस्टर आपल्या घरच्याच आहेत. सोळा वर्षं झाली." सिस्टरने झेरॉक्सची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. सोळा वर्षांत या घरच्या बाईला डॉक्टरांनी खुर्चीवर बस म्हटलं ते त्या आठवड्यातच.

भानगड साधी होती. सरकारच्या योजनेत गरिबाला उपचार फुकट मिळत आणि त्याचे पैसे सरकार हॉस्पिटलला देई. वॉर्डातल्या खाटेचे बेताचे, अतिदक्षता विभागातल्या खाटेचे भरपूर. इथल्या अतिदक्षता विभागात खाटा सहा होत्या. योजनेच्या कागदांवर मात्र तिथे पंधरा-सोळा पेशंट झोपत. जास्तीचे असत वॉर्डातच, पार्टिशनच्या पलीकडे. नर्स त्यांना 'कागदी पेशंट' म्हणत आणि हसत. हसण्यावारी नेलं की पुष्कळ काही पचून जातं.

अतिदक्षतेतल्या पेशंटची दर तासाला नोंद लागते. कागदी पेशंटच्या दिवसभराच्या नोंदी जेवणाच्या सुट्टीत एकदम भरल्या जात, डबा खाता खाता. त्यालाही हात बसावा लागतो. दर दोन ओळींनी पेन बदलायचं, एखादी ओळ घाईत लिहिल्यासारखी वाकडी काढायची, नाडीचा आकडा लागोपाठ दोनदा तोच येऊ द्यायचा नाही. मध्यंतरी तपासनिसांनी नुसते आकडे भरलेले तक्ते परत पाठवले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "जरा जिवंत लिहीत जा." तेव्हापासून सिस्टर आकड्यांपुढे एखादं वाक्य घालू लागली. पायाला मुंग्या येत असल्याची तक्रार. थोडी झोप लागली. मुलाची चौकशी केली. तिला ते इतकं साधायचं की बाकीच्या नर्स आपले तक्ते तिच्याकडे आणून टाकत. तिला त्याचा थोडा अभिमानही होता, आणि आता त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

तो पेशंट किल्ल्या बनवून देणारा होता. सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि दुपारी पोटात आतल्या आत रक्तस्राव सुरू झाला. तासातासाला कुणी मनगट धरलं असतं, तर नाडी पळायला लागलेली बोटांना कळली असती. सिस्टरने त्याच्या ओळी दोन वाजता भरायला घेतल्या, चारपर्यंत आली आणि तेवढ्यात थिएटरमधून बोलावणं आलं. पुढच्या ओळी कोऱ्या राहिल्या. पावणेपाचला मावशी चादर बदलायला गेल्या, तेव्हा तो गेलेला होता. कोऱ्या राहिलेल्या त्या ओळींमुळे कागद निभावला, नाहीतर पाच वाजता मेलेल्या माणसाची नाडी लागली असती.

त्याच्या बायकोने तक्रार केली, त्यातून योजनेची चौकशी लागली, आणि आता डॉक्टर आरोपी होते. एक हलगर्जीपणाचा गुन्हा, एक सरकारला फसवल्याचा. तक्ता खरा ठरला तर पेशंट अतिदक्षतेतच होता आणि दर तासाला त्याच्याकडे लक्ष होतं. एका कागदात सगळे खून माफ.

"खरं बोललीस तर आधी तू आत जाशील," तिचा नवरा संध्याकाळी म्हणाला. त्याचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती. "सही तुझी आहे. डॉक्टर हात वर करून मोकळे होतील. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"मी कुठली आलेय संन्याशी," सिस्टर म्हणाली आणि भाजी ढवळत राहिली.

दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बाकावर ती पुकारा होण्याची वाट बघत बसली होती. एक बारीक चणीची बाई समोर येऊन उभी राहिली. सिस्टरने तिला एकदाच पाहिलं होतं, त्या दिवशी जिन्याच्या पायथ्याशी.

"तुम्हीच त्या सिस्टर ना? वकीलबाई म्हणाल्या, यांच्याशी बोलू नका. पण मला बोलायचंय." ती शेजारी बसली. "तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही तासातासाला लिहीत होतात, डॉक्टरच आले नाहीत बघायला. होय ना?"

सिस्टर पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

"मला वर सोडलंच नाही हो. अतिदक्षतेत नातेवाईक चालत नाहीत म्हणाले. मी खाली बाकावर दिवसभर बसून. ते एकटेच गेले, हेच मनात घोळायचं. मग हा कागद मिळाला. चार वाजता माझी आठवण काढली त्यांनी." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "कुणी लिहितं हो एवढं? डॉक्टरांचं काय व्हायचं ते होवो. कुणीतरी जवळ होतं, पाणी पाजत होतं, यावरच मी दिवस काढलेत."

पर्समध्ये रुमाल नव्हता. आतून पुकारा झाला आणि सिस्टर उठली.

हॉस्पिटलच्या वकिलांनी ठरल्याप्रमाणे विचारलं. अक्षर कुणाचं? माझं. सही? माझी. मग त्यांनी शेवटची ओळ वाचायला सांगितली आणि तिने ती वाचली. वकील समाधानाने खाली बसले.

सरकारी वकील तरुण होत्या. त्यांच्या हातात प्रश्नांची लांबलचक यादी होती.

"चार वाजता तुम्ही पेशंटजवळ होतात?"

दुसऱ्या रांगेत ती बाई बसली होती. मघाशी ओळ वाचली जात असताना तिचे ओठही हलत होते. कागदाची तिला गरज नव्हती. सिस्टरला वाटलं, एक 'हो' म्हणावं. डॉक्टर सुटतील, नोकरी राहील, घर चालेल, आणि या बाईच्या पदरात जे एवढंसं पडलंय तेही कुणी काढून घेणार नाही. खोटं बोलायला इतकं चांगलं कारण तिला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. त्याचीच तिला भीती वाटली.

"नव्हते," ती म्हणाली.

सरकारी वकिलांनी यादीवरून मान वर केली.

"चार वाजता मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. ही ओळ मी दोन वाजता लिहिली. वरच्या सगळ्या ओळीही तेव्हाच. डबा खाताना."

हॉस्पिटलचे वकील ताडकन उठले. न्यायाधीशांनी त्यांना हाताने बसवलं.

"बाई, हे तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध बोलताय. कळतंय ना?"

"कळतंय, साहेब."

मग तिने सगळं सांगितलं. पेनं, पार्टिशन, सहा खाटा, कागदी पेशंट. डॉक्टर आपल्या 'घरच्या' सिस्टरकडे अशा नजरेने बघत होते, जणू तिला पहिल्यांदाच पाहत आहेत.

"आणि हे? 'पत्नीची आठवण काढली'?"

"मनचं," सिस्टर म्हणाली. "मनचं लिहिलं मी."

दुसऱ्या रांगेकडे तिने पाहिलं नाही.

जबाब घ्यायचा आहे, कुठे जाऊ नका, असं सांगून पोलिसांनी तिला पुन्हा बाहेरच्या बाकावर बसवलं. एक महिला शिपाई पलीकडे भिंतीला टेकून उभी राहिली. हॉस्पिटलचे वकील फोनवर बोलत समोरून गेले. त्यांच्यासाठी ती आता कुणीच नव्हती. थोड्या वेळाने ती बाई आली. सिस्टरने मान खाली घातली. आता ती हात उगारेल, असंच तिला वाटलं, आणि तिने तो अडवला नसता.

"खरंच काही बोलले नाहीत ते?" बाईने विचारलं. "आता खरं काय ते सांगा."

हे सिस्टरने कुणालाच सांगितलं नव्हतं. चौकशीत नाही, नवऱ्याला नाही. कोर्टात कुणी विचारलंच नव्हतं.

"साडेतीनला मी सलाइनच्या बाटल्या घ्यायला वॉर्डात आले होते. पार्टिशनमागून त्यांनी हाक मारली. 'सिस्टर' म्हणून."

"मग?"

"'आले' म्हणाले मी. आणि बाटल्या घेऊन थिएटरमध्ये गेले."



"मोठ्यानं मारली हाक?"

"नाही. हळू."

"एकदाच?"

"दोनदा."

बाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. महिला शिपाई पुढे आली आणि पुन्हा मागे सरकली.

"घरी एका हाकेला कुणी आलं नाही, तर दुसरी मारायचे नाहीत ते," बाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "आपलं आपण उठायचे. फार संकोची माणूस."

मग ती सिस्टरकडे वळली.

"दोनदा मारली म्हणजे खूपच दुखत असणार."