पाट्यांची फीत

समजा, तुमच्या हातात एक लाकडी पाटी आहे. लिहायची नव्हे, बिस्किटाएवढी, चौकोनी, बर्चच्या लाकडाची, मेण चोळून गुळगुळीत केलेली. तिच्या चारी कोपऱ्यांत एकेक भोक आणि प्रत्येक भोकातून गेलेला लोकरीचा एकेक धागा. आता अशा बावीस पाट्या पत्त्यांच्या जोडासारख्या एकमेकींना लावून उभ्या धरा. धाग्यांचे एक टोक समोरच्या लाकडी घोडीच्या खुंटीला बांधलेले, दुसरे तुमच्या कमरेच्या पट्टीला. पाट्या पाव फेरा फिरवल्या की खालचे धागे वर येतात, वरचे खाली जातात. मधल्या फटीतून आडवा धागा टाकायचा, ठोकायचा, पुन्हा फिरवायचे. कुठली पाटी कशी उभी आहे, यावर सगळी नक्षी. म्हणून घोडीवरून उठताना पाट्यांच्या गठ्ठ्याला एक फीत घट्ट बांधून ठेवायची. ती बांधायची राहिली आणि ताण सैल पडला, तर प्रत्येक पाटी आपल्या मनाने फिरते. मग कोण कुठे उभी होती, हे सांगायला कोणी उरत नाही.

एवढे डोळ्यांसमोर आले ना? मग हे बघा.

गुन्वोर अंगातला कोट न काढताच घोडीसमोर बसली. बूट तेवढे सवयीने दारात निघाले होते. वृद्धाश्रमात तिच्याबरोबर काम करणारी एक बाई आजारी पडल्यामुळे तिने काल रात्रीपासून दोन पाळ्या सलग केल्या होत्या. तिने कमरेला पट्टी आवळली, मागे रेलून धागे ताणले, पाट्यांवरची लाल फीत सोडली आणि दोन्ही हात पाट्यांवर ठेवले.

हात तिथेच राहिले. मान हळूहळू पुढे झुकली.

टेबलाशी बसून तिची धाकटी मुलगी आस्ने नद्यांची नावे पाठ करत होती. आस्नेला दहावे लागले होते. तिने वर पाहिले. आईचे तोंड थोडे उघडे होते आणि कोटाच्या बाहीला औषधाचा वास येत होता, तो टेबलापर्यंत पोहोचत होता. दीड वीत पट्टा विणायचा उरला होता. रविवारी तिची मोठी बहीण तुरीद चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहणार होती, तिच्या दृढीकरणाच्या दिवशी, म्हणजे बाप्तिस्म्याची वचने स्वतःच्या तोंडाने पक्की करायच्या विधीला. अंगात त्यांच्या दरीतला पारंपरिक लोकरी पोशाख आणि त्यावर कमरेभोवती तीन वेढे घेणारा हा पट्टा. आज गुरुवार. शेवटची चार बोटे आस्नेने विणायची, असे आईने हिवाळ्यातच कबूल केले होते.

आईला उठवावे की नाही, हे आस्नेचे ठरेना. तेवढ्यात बटाटे उतू गेले.

चुलीवर पाणी चरचरले. गुन्वोर दचकून उठली, कमरेची पट्टी सोडून तशीच पातेल्याकडे धावली. मागे धागे सैल पडले. पाट्या एकीवर एक टकटक आपटल्या, फिरल्या, लोंबकळल्या. लाल फीत जमिनीवर पडली होती. आस्ने खुर्चीवरून उतरली आणि तिने ती उचलली.

पातेले बाजूला ठेवून गुन्वोर वळली तेव्हा फीत आस्नेच्या हातात होती.

"आस्ने! हात मागे घे. आधी हात मागे घे!"

"आई, मी..."

"मी अजून फीत सोडलीसुद्धा नव्हती. नुसती बसले होते. दोन मिनिटं, दोनच मिनिटं पाठ वळली माझी, आणि तुला धीर धरवला नाही?"

आस्ने तिच्याकडे बघत राहिली. आई खोटे बोलत नव्हती. आपण झोपलो होतो, हेच तिला ठाऊक नव्हते.

आवाज ऐकून तुरीद जिन्यावरून खाली आली. अर्धी वेणी घातलेली, अर्धी मोकळी. तिने घोडीकडे पाहिले.

"झालं? लागली माझ्या पट्ट्याची वाट?"

"तुझ्या बहिणीला विचार."

"छान. मी रविवारी सुतळी गुंडाळून जाते. पाद्रीबुवा म्हणतील, पळून जाईल म्हणून पोरीला बांधून आणलंय." तिने आस्नेच्या डोक्यावर हलकी टपली मारली. "तुला चार बोटं विणायची होती ना, मग दोन दिवस थांबता नाही आलं, शेंबडे?"

"गप गं तू," गुन्वोर म्हणाली. ती घोडीजवळ वाकली, एक पाटी उचलून धाग्यांकडे बघितले, ती सोडली, दुसरी उचलली. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाली. पाठीत कुठेतरी काहीतरी मोडले असावे तशी सरळ झाली. "नियम माहीत आहे ना आपल्याकडचा?"

"हो."

"सांग."

"ज्याच्या हातून फीत बांधायची राहिली, त्यानं तो पट्टा घोडीवरून उतरेपर्यंत पाट्यांना हात लावायचा नाही."

"मग?"

आस्नेने फीत टेबलावर ठेवली. सांगायचे शब्द जिभेवर होते. पण दरीतल्या बायका आईकडे अडलेली विणकामे घेऊन येत, आणि त्यांना कॉफी देताना आई नेहमी हसून म्हणे, "ज्या दिवशी मी गाठ विसरेन ना, त्या दिवशी ही घोडी विकून टाकीन." बायकाही हसत. आस्ने कधी हसली नव्हती. ती मुकाट्याने जाऊन नद्यांच्या पानाशी बसली.

जेवायला बसतात तोच हाल्वोर आला. हाल्वोर म्हणजे गुन्वोरचा मामा, वय अठ्ठ्याहत्तर. घोडी त्याने बनवली होती, पाट्याही त्यानेच. एक खुंटी हलते म्हणून तो नवीन तासून घेऊन आला होता. दारात बूट काढताना त्याने एका हाताने भिंत धरली.

"माशाच्या वड्यांचा वास रस्त्यापर्यंत येतो," तो म्हणाला. "मला भूक नाही. दोनच वाढ."

गुन्वोरने पाच वाढल्या. मामाने खुंटी टेबलावर ठेवली, पहिला घास घेता घेता घोडीकडे नजर टाकली आणि चावणे थांबवले.

"हे कुणी केलं?"

"ही काय, समोर बसलीय," तुरीद म्हणाली.

"आस्ने? अरेरे." तो परत चावू लागला. "मग बसवली का बाजूला?"

"बसवली," गुन्वोर म्हणाली. "नियम म्हणजे नियम. आजीचा नियम आहे. मी आता जेवते, आणि एकेक पाटी लावत बसते. उद्या पहाटेची पाळी आहे. त्याच्या आधी लागल्या तर लागल्या." तिने काट्याने बटाटा फोडला आणि खाल्ला नाही.

"आजीचा नियम!" मामा हसला. "माझ्या आईनं तो तुम्हाला लावला, बरोबर. तिला कुणी लावला, ते सांगितलं का कधी?"

"तिनंच केला ना?"

"छे. माझ्या बापानं. मी आठ वर्षांचा होतो. गवत कापायचे दिवस. आई दिवसभर वरच्या उतारावर विळा घेऊन, आणि घरी आली की घोडीवर. शेजारच्यांच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, त्याला गुंडाळायचा पट्टा करत होती. एका सकाळी बघतो तर पाट्या अशाच लोंबतायत. आणि आई म्हणे, मी गाठ मारली होती. शपथेवर सांगते, मारली होती. मांजरानं सोडली म्हणाली."

"आणि?"

"आमच्याकडे मांजर नव्हतं."

तुरीद पाणी पिता पिता ठसकली.

"बाप भांडला नाही. बापाला भांडायचं म्हणजे कष्ट. त्यानं तिच्या कमरेची पट्टी स्वतः सोडली. म्हणाला, हा पट्टा उतरेपर्यंत हे हात पाट्यांना लागायचे नाहीत. आणि दंडाला धरून वर घेऊन गेला. ती झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. दूध नासलं. आम्ही पोरं घाबरलो, वाटलं मेली. मी तिच्या नाकाशी आरसा धरला होता."

"आणि पट्टा?" आस्नेने विचारले. जेवायला बसल्यापासूनचा तिचा हा पहिला शब्द होता.

"बापानं विणला उरलेला. वाकडातिकडा. बोटं ही अशी, लाकूडतोड्याची. त्याच वाकड्या पट्ट्यात गुंडाळून नेलं पोराला चर्चमध्ये. नदीच्या पलीकडच्या काठावरचा ऑस्मुंड तो. सत्तरीचा झाला, अजून काही झालं नाही त्याला." मामाने चौथी वडी घेतली. "पुढे आई तोच नियम आम्हा पोरांवर वापरायला लागली, शिक्षा म्हणून. आणि मग तुमच्यावर. असंच असतं. वस्तू राहते, कशासाठी केली होती ते राहत नाही."

गुन्वोर ऐकत होती की नाही, कळत नव्हते. तिचे डोळे घोडीवर होते आणि ओठ हलत होते. ती मनातल्या मनात पाट्या लावू लागली होती. डोळ्यांखालची कातडी जुन्या कागदासारखी दिसत होती.

आस्नेने काटा खाली ठेवला. ताटाच्या कडेला, अगदी सरळ.

"आई, फीत तू सोडलीस."

तुरीदने मान वर केली. गुन्वोरने सावकाश तिच्याकडे पाहिले.

"काय म्हणालीस?"

"तू बसलीस, पट्टी बांधलीस, फीत सोडलीस आणि झोपलीस. हात पाट्यांवर ठेवून. बटाटे उतू जाईपर्यंत झोपली होतीस. मग तशीच उठलीस. मी फक्त फीत उचलली."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर उतारावरून खाली गेला. गुन्वोरने टेबलावरच्या लाल फितीकडे पाहिले.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू म्हणतेस ना, गाठ विसरेन त्या दिवशी घोडी विकून टाकीन."

"मला विचारल्याशिवाय कोण विकतंय?" मामा म्हणाला. "लाकूड माझं आहे."

गुन्वोरने आपले दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघितले. "मला आठवतच नाही," ती म्हणाली. "बसल्यानंतरचं काहीच आठवत नाही." मग ती उठून आस्नेच्या खुर्चीपाशी आली आणि तिने तिच्या केसांवर हात ठेवला. "मी तुला उगाच बोलले."

"असू दे."

"पण रविवार आहे. कोण करणार..."

"नियम, आई," आस्ने म्हणाली.

"अगं, बावीस पाट्या आहेत. काठाच्या चार सोप्या, पण मधल्या..."

"मी भांडी घासते," तुरीद एकदम म्हणाली. तिची अर्धी वेणी सुटून खांद्यावर आली होती. "आणि वाकडा झाला तर झाला. ऑस्मुंडला नाही काही झालं."

"निदान सांगते तरी इथं बसून. हात लावायचा नाही असा नियम आहे. बोलायचं नाही असं कुठंय?"

"बोल की," मामा म्हणाला. "त्या कोचावरून बोल."

गुन्वोर कोचावर बसली, मग आडवी झाली. कोट अजून अंगातच होता. "सगळ्यात आधी," ती म्हणाली, "डावीकडून सुरुवात कर, आणि धाग्याचा पीळ..." पुढचा शब्द आला नाही. मामाने तुरीदकडे बघून ओठांवर बोट ठेवले. तुरीदने नळ बारीक केला.

आस्नेने कमरेला पट्टी आवळली. ती आईच्या मापाची होती. दोन वेढे घ्यावे लागले. मागे रेलली तसे धागे ताणले गेले आणि लोंबलेल्या पाट्या एका ओळीत आल्या, पण एकीचेही तोंड दुसरीशी जुळत नव्हते. तिने डावीकडची पहिली पाटी बोटांत धरली. पांढरा धागा वर होता. पांढराच असायला हवा होता का? पुढे फिरवायची, की मागे?

तिने हाक मारायला तोंड उघडले आणि कोचाकडे पाहिले. आईचा एक पाय कडेवरून खाली लोंबत होता, मोजा टाचेशी विरलेला. छाती संथ वरखाली होत होती.

आस्नेने तोंड मिटले. पाट्या कशा उभ्या होत्या ते विणीतूनच कळावे म्हणून विणलेल्या भागातला शेवटचा आडवा धागा तिने नखाने उचकटून ओढून काढला, त्याच्याबरोबर कुठला धागा हलतो ते नाक जवळ नेऊन पाहिले, आणि पाटी पाव फेरा मागे फिरवली. मग दुसरी हातात घेतली.