चिमट्यातली चीर

माझ्या सीटखाली चामड्याची एक छोटी पिशवी आहे. तिच्यात एक पाना, पंक्चरचा डबा आणि एक पत्र असे. पाना रोज बाहेर निघे. पत्र सात महिने तसेच पडून राहिले आणि त्याचे उत्तरही गेले नाही. पावसात पिशवी भिजली की मला स्वतःच्या गंजापेक्षा त्या पत्राची काळजी वाटायची.

मित्रांनो, मी सायकल आहे. काळी, बावीस इंची आणि आता बरीच जुनी. मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. माझ्या पाठीवरून हजारो गोष्टी गेल्या, पण त्या छापलेल्या होत्या, शहाण्या माणसांनी लिहिलेल्या. मी फक्त वाहून नेत होते. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

गोवा मुक्त झाल्यावर दोन-तीन वर्षांनी पार्से गावात एक लहानसे वाचनालय उघडले. त्यासाठी मला विकत घेण्यात आले. कृष्णनाथमास्तर माझ्या कॅरियरवर पत्र्याची पेटी बांधत, तिच्यात पुस्तके भरत आणि गावोगाव फिरत. हरमलला मासळी सुकत घातलेल्या वाळूतून ते मला ढकलत न्यायचे. माझी घंटी वाजली की बायका ओले हात पदराला पुसत अंगणात येत आणि म्हणत, "पुस्तकांची सायकल इली गे!" तेवढ्या एका वाक्यावर मी आठवडाभर चालत असे.

एका पावसाळ्यात पेडण्याहून पार्शाकडे उतरणाऱ्या घाटीत माझा ब्रेक लागला नाही. आम्ही गटारात गेलो. मास्तरांचे ढोपर फुटले, पुस्तके गढूळ पाण्यात तरंगू लागली. माझ्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा जो लोखंडी चिमटा असतो, त्याचा डावा पाय वरच्या बाजूला तुटला. लोहाराने तो पितळेने जोडून दिला आणि मास्तरांना बजावले, "मास्तर, अवजड माणूस बसवू नकात हिच्यार."

मास्तरांनी जोडावर काळा रंग दिला. रंग वाळला आणि जोड दिसेनासा झाला. मला फार बरे वाटले. मोडलेली म्हणून मला कोणी टाकून देणार नव्हते. पुढे जे घडले त्यात माझा दोष कोणता, असे कोणी विचारले तर मी त्या बरे वाटण्याकडेच बोट दाखवीन.

मास्तर थकले, लोक पुस्तकांसाठी वाचनालयात येऊ लागले आणि माझे फिरणे थांबले. मी इमारतीच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या सीटवर कोंबड्या बसत. अशी किती वर्षे गेली, ते मोजायचे मी सोडून दिले.

मग १९८६ साल उजाडले आणि भिकाजी आला.

भिकाजी मूळचा कुडाळकडचा. गोव्यात, डिचोलीजवळच्या शिरगावच्या खाणीवर तो ट्रक दुरुस्त करणारा फिटर होता. वय चव्वेचाळीस, वजन अठ्ठ्याण्णव किलो. त्याच्याच गावचा बाबली हा त्याचा जोडीदार. दोघांनी अठरा वर्षे एकाच ट्रकखाली पाठ टेकून काम केले होते. खाणीवर त्यांची एक रीत होती. रोज सकाळी गाडी सुटण्याआधी ते ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि चाकांच्या नटांवर पाना मारून आवाज ऐकत. आवाज खणखणीत आला तर गाडी जाऊ देत. आवाज बद्द आला तर मालक ओरडला तरी गाडी उभी करून ठेवत. पोलादातली चीर डोळ्यांना दिसण्याआधी कानाला ऐकू येते, असे बाबली म्हणायचा.

खाणीच्या वजनकाट्यावर रामचंद्र नावाचा कारकून होता. भिकाजी ट्रकमध्ये दिसला की तो खिडकीतून ओरडे, "भिकाजी, गाडी रिकामी जोखूं काय तुकाय धरून?"

"माका येगळो जोख, तुझो काटो मोडतलो!" असे म्हणून भिकाजी सगळ्यांत मोठ्याने हसे.

त्या जानेवारीत बाबली ट्रकखालून बाहेर आलाच नाही. छाती धरून तिथेच पडला. त्याला ओढून बाहेर काढले ते भिकाजीने. बाबली वाचला, पण काम सोडून गावी गेला. डॉक्टरांनी भिकाजीलाही काट्यावर उभे केले आणि म्हणाले, "पुढचा नंबर तुमचा. सायकल चालवा." पार्शाला एक बंद पडलेला ट्रक दुरुस्त करायला आला असताना भिकाजीला मी वाचनालयाच्या मागे दिसले. त्याने तिथल्या लोकांना विचारून मला उचलले, ट्रकवर टाकले आणि शिरगावला आणले.

मित्रांनो, पहिल्यांदा तो माझ्यावर बसला तेव्हा माझी प्रत्येक आरी कळवळली. तरीही मला आनंद झाला. पुन्हा कोणाला तरी माझी गरज होती.

रोज सकाळी आम्ही निघत असू. आधी देवळापर्यंत, मग डिचोलीपर्यंत, मग त्याच्याही पलीकडे. समोरून खनिजाचे ट्रक धडधडत येत आणि लाल धूळ उडवत जात. लोकांना वाटे, हा जाडा माणूस काय हिमतीचा! खरे काय ते फक्त मला ठाऊक होते. ट्रकचा भोंगा वाजला की माझ्या हँडलला त्याच्या तळव्यांचा घाम लागे. चढावर छातीत धडधडले की तो उतरून चेन तपासल्याचे सोंग करी. चेन ठीकच असे.

मे महिन्यात बाबलीचे पत्र आले. भिकाजीने ते रस्त्याच्या कडेला, माझ्या दांडीला टेकून वाचले, म्हणून मलाही वाचता आले. बाबलीने लिहिले होते: 'डॉक्टर म्हणतो, रोज थोडे चाल. पण अंगणात पाऊल टाकले की पुन्हा तेच होईल असे वाटते. चार महिने घरातच बसून आहे. बायकोला सांगत नाही. तुला कधी भीती वाटते का? वाटत असेल तर तू काय करतोस ते लिही. वाटत नसेल तर लिहू नको, मी समजून घेईन.'

भिकाजीने त्याच दिवशी अंतर्देशीय पत्र आणले. वर पत्ता घातला. आत काही लिहिले नाही. दोन्ही पत्रे माझ्या पिशवीत गेली.

ते न लिहिणे मला फार जड झाले. कारण उत्तर न जाणे हेही तिथे एक उत्तरच होते. कुडाळकडच्या त्या घरात एक माणूस रोज समजत होता की भिकाजीला भीती वाटत नाही, आपल्यालाच वाटते.

पावसाळा संपता संपता माझ्या चिमट्यातला जोड उकलू लागला. आधी केसाएवढा, मग नखाएवढा. वर काळा रंग तसाच होता. मी ओरडायचा प्रयत्न केला. सायकलीला ओरडता कुठे येते? मी किर्र किर्र करू लागले.

भिकाजीची बायको यशोदा एकदा दारातून म्हणाली, "अवो, ही सायकल कण्हता."

"तिका तेल व्हया."

"कालच घातलास मां तेल? माणूस कण्हालो तर तेका तेल पाजतास?"

भिकाजीने हसून पुन्हा तेल घातले. मी गप्प झाले नाही. पण हळूहळू त्याला त्या आवाजाची सवय झाली.

गोवा मुक्तीला पंचवीस वर्षे होत होती. डिचोलीच्या एका मंडळाने एकोणीस डिसेंबरला लांब पल्ल्याची सायकल शर्यत ठेवली: डिचोली ते हरमल आणि परत, नव्वद किलोमीटर. रामचंद्रने काट्यावर सगळ्यांसमोर विचारले, "भिकाजी, नाव घालतलो मरे? काय भियेता?"

"मी आणि भियान?" भिकाजी म्हणाला आणि त्याने सही केली. तोवर त्याचे वजन एक्याऐंशीवर आले होते. ट्रकखाली तो आता सहज सरकत असे. पण त्याच्या तळव्यांचा घाम काही कमी झाला नव्हता.

शर्यतीच्या दिवशी सकाळी थंडी होती. अस्नोडा गेले, कोलवाळचा पूल गेला, धारगळ गेले. तरुण पोरे पातळ चाकांच्या सायकलींवरून केव्हाच दिसेनाशी झाली. आम्ही शेवटून तिसरे होतो. प्रत्येक खड्ड्याला माझा जोड थोडा थोडा उघडत होता आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती. पुढे पेडणे येणार आणि त्याच्यापुढे ती घाटी. मास्तर वाचले ते हलके होते म्हणून, आणि गटार मऊ मातीचे होते म्हणून. आता त्या गटाराला चिऱ्यांची भिंत बांधली होती, आणि समोरून ट्रक येत होते.

घाटीच्या माथ्यावर मांडव घातला होता. तिथे कोकमाचे सरबत मिळत होते आणि स्पर्धकांचे क्रमांक लिहून घ्यायला वही घेऊन रामचंद्र बसला होता.

"इलो रे इलो, आमचो दहा टनी इलो!" तो ओरडला. बाकड्यावरची माणसे हसली. "आतां कसलें भंय? उतरणीक पायडल मारूंक नको, तुजें पोटच तुका व्हरतलें!"

भिकाजीही हसला. पण त्याने घाटीकडे पाहिले आणि माझे हँडल ओले झाले. तो माझ्यावर बसला. एक पाय पायडलवर आला. मित्रांनो, त्या क्षणी माझ्याकडे देव असता तर मी त्याचा धावा केला असता. माझ्याकडे फक्त आवाज होता. त्याचे वजन हँडलवर आले आणि मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून किर्र केले.

त्याने पाय खाली टेकला. "वायच थांब हां," तो म्हणाला. मला वाटले, नेहमीसारखे चेनचे सोंग करणार. त्याने पिशवीतून पाना काढला. मग काय झाले कोण जाणे. घाबरलेला माणूस हाताला सवय असते तेच करतो म्हणतात, तसे झाले असेल. त्याने माझ्या मागच्या चाकाच्या नटावर पाना मारला. खण्ण. दांडीवर मारला. खण्ण.

"सायकलीक ठोकता? ती काय ट्रक?" रामचंद्र खिदळला.

चिमट्याचा उजवा पाय. खण्ण. डावा पाय.

बद्द.

भिकाजीने मान वाकडी करून पुन्हा मारला. पुन्हा बद्द. त्याच्या तोंडावरचे हसू उतरले.

"रामचंद्रा, चिमट्यात चीर आसा."

रामचंद्र वही ठेवून उठला. त्याने वाकून पाहिले, बोट फिरवले. "खंय आसा? रंग तर नव्यासारखो."

"दिसना नाय. आयकाक येता."

"आयकूं येता म्हणे! चाळीस किलोमीटर आयकूं येवंक ना, उतरण दिसली आनी आयकूं आयलें?"

सगळे पुन्हा हसले. मला ठाऊक होते, भिकाजीला हसणे सहन होत नाही. म्हणून तर तो नेहमी आधीच हसायचा. आताही तो तोंड उघडून हसेल, माझ्यावर बसेल आणि ब्रेक सोडील, असे मला वाटले. त्याने तोंड उघडले.

"चीर आसा ता खराच," तो म्हणाला, "आणि आणखीन एक खरा सांगू? माका भिया वाटता. बाबली पडलो त्या दिसापासून वाटता. मी चलान उतरतलंय."

रामचंद्रने वही ओढली. "मग... हांवें हांगा काय बरोवचें?"

"भियालो म्हणान लिव."

आम्ही चालू लागलो. तो पुढे, मी त्याच्या बाजूला. मागून शेवटचे दोन स्पर्धक आमच्या कडेने भरकन उतरून गेले. तिसऱ्या वळणावर पावसाच्या पाण्याने रस्त्यात चर पाडला होता. माझे पुढचे चाक त्यात उतरले, वर चढले आणि 'कट्' झाले. चिमट्याचा डावा पाय सुटला, चाक आडवे पडले. खालून एक भरलेला ट्रक कण्हत वर येत होता. तो आमच्या हातभर अंतरावरून निघून गेला.

भिकाजी जमिनीवर बसला. मग त्याने नखाने रंग खरवडला. खालचे पितळ चमकले.

"कोणी गे झाकलान तुका?" तो म्हणाला.

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. आता मी भंगारात जाणार, असेच मला वाटले.

मित्रांनो, मी शहाणी नाही. तुम्हाला काय शिकवणार? एवढेच विनवते. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू नुसत्या रंगवू नका, अधूनमधून त्यांचा आवाज ऐका. त्या कण्हू लागल्या तर लगेच तेल घालून मोकळे होऊ नका. आणि माणसे सगळ्यांत मोठ्याने हसत असली तर त्यांनाही एकदा हळूच विचारा.

भिकाजीने मला खांद्यावर घेतले. ज्या माणसाला मी दहा महिने वाहिले होते, तो मला वाहत होता. पार्शाला पोहोचेपर्यंत तो तीनदा थांबला. सुट्टीमुळे टपाल कार्यालय बंद होते, पण भिंतीवर लाल पेटी होती. त्याने मला तिच्याखाली टेकवले, अंतर्देशीय पत्र काढले, माझ्या सीटवर पसरले आणि लिहिले:

'बाबली, सात महिने लिहिले नाही. मला भीती वाटत नाही असे तू समजला असशील. ते खोटे आहे. रोज वाटते. दार उघडताना वाटते, ट्रकखाली शिरताना वाटते. मी काय करतो असे विचारलेस. काही करत नव्हतो, मोठ्याने हसत होतो. आज चार माणसांत सांगितले. हात अजून थरथरतो आहे, अक्षरावरून दिसेलच. रविवारी एस्टीने येतो. मी येईपर्यंत एकटा बाहेर पडायचा आटापिटा करू नको. दोघे मिळून घाबरू.'

त्याने कडा जिभेने ओल्या करून चिकटवल्या. पत्र पेटीच्या तोंडात अर्धे सरकवले आणि तसेच धरून ठेवले. एक कावळा ओरडून गेला. मग त्याने बोटे सोडली.