हैबतरावांनी पारखलेला चाकू

कोलाडच्या हैबतरावांना दुकानात शिरताना बघितलं की दुकानदाराच्या पोटात गोळा यायचा. कढई घ्यायची तर ती वाजवून बघणार, छत्री घ्यायची तर तिची एकेक काडी चाचपणार, आणि बहुतेक माल नाक मुरडून परत ठेवणार. पण एकदा का त्यांनी "घ्या" म्हटलं, की ती वस्तू दगा देत नाही अशी ख्याती. म्हणून तर रोह्याजवळ वरशाला दिलेल्या त्यांच्या बहिणीनं, मालूनं, पोरासाठी मुलगी बघायलासुद्धा त्यांनाच पुढं घातलं होतं. मुलगी पेणच्या रामवाडीतली, प्रणिता. हैबतराव चहा पिऊन उठले आणि म्हणाले, "नाव ठेवायला जागा नाय." झालं, हर्षदचं लग्न ठरलं.

आता नवरदेवाला हळद लागली, की लग्न लागेपर्यंत त्याच्या हातातलं लोखंड सुटता कामा नये. चाकूच्या टोकाला लिंबू खोचायचं आणि तो हातात धरून फिरायचं, म्हणजे वाईटसाईट जवळ येत नाही. मालूच्या घरात त्यासाठी एक जुनी सुरी होती. गंजलेली होती खरी, पण भावकीतली सगळी लग्नं तिनंच पार पाडलेली. हर्षदला ती नको झाली. "मामा, फोटो काढतात सगळे. खिशात मावंल असा घडीचा चाकू घेऊ," असं तो म्हणाला, आणि मामाला तेवढंच पाहिजे होतं. भाच्याला घेऊन ते पेणच्या बाजारात गेले.

तिथं त्यांनी दुकानदाराला घाम फोडला. एकेक चाकू उघडायचा, मिटायचा, कानाशी धरून खटका ऐकायचा. पातं आडवं हलवायचं, जरा डुगडुगलं की बाजूला. मिटल्यावर पातं खाचेच्या बरोबर मधोमध बसतं का, ते उजेडाकडे धरून बघायचं. रिबिटांवरून अंगठा फिरवायचा, मुठीची लाकडी पट्टी आणि पितळ जिथं जुळतं तिथं नख ओढायचं. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, लिंबूच खोचायचंय ना?" आणि त्यानं काळ्या मुठीचा एक चाकू पुढं केला. "हा न्या. ह्याला लॉक हाय. उघडला की दाबल्याबिगर मिटत नाय."

हैबतरावांनी त्याच्यावर नख ओढलं आणि नख अडकलं. "हे फिनिशिंग म्हणायचं का? ह्या फटीतून मुंगी जाईल," म्हणत त्यांनी तो परत सारला. घेतला तो शिसवी मुठीचा, पितळी टोकांचा. नख कुठं अडकत नव्हतं, पात्यात तोंड दिसत होतं, आणि खटका असा गोड की ऐकतच राहावं. लॉक मात्र त्याला नव्हतं, पातं नुसत्या स्प्रिंगवर उभं. ते हैबतरावांनी विचारलंच नाही. दिसण्यावर भाळला बाबा, दुसरं काय.

लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, हळद लागली. हर्षदची बोटं हळदीनं नि तेलानं माखलेली. त्यानं मुठीभोवती बोटं आवळली आणि दुसऱ्या हातानं लिंबू टोकावर दाबलं. लिंबाची साल जाड, दाब जरा तिरका पडला, आणि पातं फिरून त्याच्याच दोन बोटांवर मिटलं. पिवळ्या अंगावरून रक्त वाहायला लागलं. बायकांची गाणी तिथंच थांबली.

डॉक्टरांनी टाके घातले, शीर तुटलीय म्हणाले. दिवेलागणीला मंडळी मांडवात परत आली. हर्षदला वडील नव्हते, थोरले चुलते बोलतील ते खरं. ते म्हणाले, "चाकूतच खोट असंल."

तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण हैबतरावांचं माथं भडकलं. "माझ्या हाताखालून गेलेल्या वस्तूत खोट?" ते उठले, चाकू पुसला आणि भर मांडवात परत परत उघडून मिटून दाखवला. पातं हलवून दाखवलं. चार माणसांना खटका ऐकवला. "काढा खोट. काढाच." कुणाला काढता आली नाही.

तेव्हा हर्षदची आत्या हळूच म्हणाली, "मंग चाकू चांगला, पोरगाही चांगला. उरलं कोण गो मालू? नांदाय यायच्या आधीच पायगुण दावलान पोरीनं."

मालू मटकन खाली बसली. चुलत्यांनी मान हलवली. बघता बघता अख्खा मांडव तेच बोलायला लागला. हर्षद बँडेजकडे बघत राहिला.

थोड्या वेळानं हैबतरावांचा फोन वाजला. प्रणिता होती. तिच्या कानापर्यंत सगळं पोचलं होतं. "मामा, चाकू कच्चा होता ना? तुम्ही सांगा त्यांना. तुमचं सगळे ऐकतात," ती म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. हैबतराव फोन ठेवून उठले.

ते चाकू घेऊन मांडवामागे पाण्याच्या पिंपाजवळ गेले. बोटं लांब ठेवून त्यांनी एक लिंबू टोकावर दाबलं. सरळ दाबलं तर ठीक, जरा तिरकं झालं की पातं माघारी फिरत होतं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मांडवात परत जायला पाय उचलेना. पण गेले.

"चाकूच वाईट हाय," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "नुसता दिसायला गोड. ह्याला लॉक नाय. चूक माझी हाय, पोरीची नाय."

चुलते हसले. "हैबतराव, मघाशी तर छाती ठोकून सांगत होतात. आता व्याह्यांचा फोन आला वाटतं. अहो, तुमच्या हातून वाईट वस्तू येतच नाय, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक हाय."

हैबतराव पुढं आले. हर्षदनं धरली होती तशी त्यांनी मूठ धरली, बोटं तशीच आवळली, लिंबू घेतलं आणि तिरकं दाबलं. पातं खाड्कन बोटांवर मिटलं. रक्त सतरंजीवर ठिबकायला लागलं.

"बघितलंत? हे असं झालं," ते म्हणाले. "पोरीचा काय संबंध ह्यात?" त्यांना हलकं वाटत होतं. आता तरी डोळे उघडतील, असं त्यांना खरंच वाटलं.

आत्यानं पदर तोंडाला लावला. चुलते दोन पावलं मागं सरले. मालू धावत आली, भावाचा हात तिनं टॉवेलात गुंडाळला. मग ती हर्षदकडे गेली. "फोन लाव तिला," ती म्हणाली. हर्षदनं मान वर न करता फोन लावून आईच्या हातात दिला.

फोनमधला पलीकडचा आवाज मांडवात सगळ्यांना ऐकू येत होता. "आई, मामांना विचारा," प्रणिता म्हणत होती. "मामा सांगतील काय ते खरं."

मालूनं भावाच्या हातावरच्या, रक्तानं लाल झालेल्या टॉवेलाकडे बघितलं.

"त्यांचं पण रगत काढलंस गो तू," ती म्हणाली. "उद्या आमचं वऱ्हाड येणार नाय."