कौशल्याबाईंचे दोन शब्द

कौशल्याबाईंनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं जाड पुस्तक काढलं आणि ग्रंथपालाच्या टेबलावर ठेवलं.

"लेनिनबद्दल वाचाचं हाय मले," त्या म्हणाल्या. "कुठून सुरू कराव, थे सांगा."

ग्रंथपाल देवश्रीने टॉवेल बाजूला केला. लेनिनच्या लेखांचा मराठी अनुवाद होता. पानांच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. अमरावतीच्या या वाचनालयात ती अकरा वर्षं काम करत होती. येणारी मुलं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागत, बायका कादंबऱ्या. हे नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं.

"काकू, हा तिसरा खंड आहे."

"पयला घरी हाय. तीन डाव उघडला, तिन्ही डाव नवव्या पानावर अडकली. म्हनलं, तिसरा सोपा असन."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. त्या चांदूर बाजारजवळच्या गावाहून आल्या होत्या. शिक्षण सातवीपर्यंतचं. त्यांचे पती पंजाबराव चाळीस वर्षं कम्युनिस्ट पक्षाचं काम करत होते. शेतमजुरांच्या मजुरीसाठी मोर्चे काढले, दोनदा तुरुंगात गेले. गेल्या वर्षी ते वारले. पुढच्या महिन्यात अमरावतीत त्यांची स्मृतिसभा होती, आणि तिथे कौशल्याबाईंनी दोन शब्द बोलावेत असं ठरलं होतं. पक्षातले जुने सहकारी चिंतामण वकील यांनी ते दोन शब्द टाइप करून पाठवलेही होते.

कौशल्याबाईंनी तो कागद पुढे केला. पहिलंच वाक्य होतं, 'पंजाबरावांनी आणि मी लेनिनच्या विचारांच्या प्रकाशात संसार केला.'

"थो उजेड कसा होता, मले माईत नाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "माईत नाई थे मानसाइसमोर काहून म्हनू?"

देवश्री उठून मागच्या कपाटाकडे गेली. पुस्तकं कोणत्या खणात आहेत ते तिला पाठ होतं, पण त्यातलं एक पानही तिने वाचलेलं नव्हतं. तिने तीन पुस्तकं काढली, चाळली, दोन परत ठेवली. उरलेलं चौसष्ट पानांचं चरित्र नवसाक्षरांसाठी मोठ्या टाइपात छापलेलं होतं. ते तिने पुढे केलं.

"लहान आहे हे. राग मानू नका."

"लहानच पाह्यजे," म्हणत त्यांनी ते उघडलं, पहिली ओळ पुटपुटत वाचली आणि पिशवीत ठेवलं.

पुढच्या मंगळवारी त्या पुस्तक संपवून आल्या.

"याचा मोठा भाऊ फाशी गेला. राजाले माराच्या कटात होता. हा तवा सतरा वर्साचा. मंग मायनं काय केलं? थे यात नाई."

देवश्रीने मोठं चरित्र शोधून दिलं, आणि दुसरी प्रत स्वतःच्या नावावर घेतली. मुलगी शाळेत गेल्यावर, ड्यूटीवर निघायच्या आधी, ती तासभर वाचू लागली. कौशल्याबाईंच्या पुढे नाही, तर निदान बरोबर तरी असावं, एवढंच तिच्या मनात होतं. मंगळवारी दुपारी दोघी खिडकीजवळच्या टेबलावर बसत. आजूबाजूला मुलं कानात इअरफोन घालून गणितं सोडवत असत.

तिसऱ्या मंगळवारी कौशल्याबाईंनी एका ओळीखाली बोट ठेवलं.

"जमीनदाराची जमीन काढून कास्तकाराले देल्ली. बेस केलं. मंग वर्सभरात त्याच कास्तकाराच्या घरून दाना काहून ओढून नेला?"

"युद्ध चालू होतं. शहरात खायला नव्हतं, सैन्याला नव्हतं."

"थे समजलं. पन ज्याच्या घरून नेला, त्याच्यासंगं बसून बोललं काय कोनी?"

"मला माहीत नाही, काकू."

"यायले इचारलं असतं," त्या पंजाबरावांबद्दल म्हणाल्या. "आमच्या घरी बैठका व्हायच्या, भितीवर या लेनिनचा फोटो राहे. लगन होऊन तीनक वर्सं झाली असतील, तवा मी एकदा इचारलं, हा फोटोतला मानूस कोन हाय? तर हे म्हनले, तुले नाई समजनार थे. रागानं नाई हो, सादंच म्हनले. मंग मी नाई इचारलं."

"आता समजतंय ना?"

कौशल्याबाईंनी त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं.

"कठीन नाई हो यात काई," त्या म्हणाल्या. आवाज खाली गेला होता. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि पान उलटलं.

सभा रविवारी सकाळी होती. सभागृहात साठेक माणसं होती. पंजाबरावांच्या गावच्या शेतमजूर बाया पुढे सतरंजीवर बसल्या होत्या. देवश्री मागच्या रांगेत बसली. चार भाषणं झाल्यावर चिंतामण वकिलांनी कौशल्याबाईंचं नाव पुकारलं. त्या माइकपुढे उभ्या राहिल्या, हातातला कागद उघडला, आणि घडी करून टेबलावर ठेवला.

"वकीलसायबानं चांगलं लिवून देल्लं. पन थे माहं नाई. माहे मालक गरिबाच्या बाजूनं उभे राह्यले. मजुरी वाढली तवा ही समोरची लीलाबाई आमच्या दारात येऊन रडली होती, थे मी पाह्यलं हाय. लेनिनचं मी आता वाचून राहिली. जमिनीचं पटलं मले. दान्याचं नाई पटलं. त्यावर मालकासंगं भांडाव वाटते. थे राह्यलं."

त्या खाली उतरल्या. मग सतरंजीवरून टाळ्या सुरू झाल्या.

सभा संपल्यावर कौशल्याबाई आणि देवश्री पायऱ्यांपाशी उभ्या होत्या, तिथे चिंतामण वकील आले. सत्तरी ओलांडलेले, अंगात खादीचा पांढरा सदरा.

"वहिनी, एवढं वाचलंत तुम्ही? तुमच्या घरी आम्ही इतक्या बैठका केल्या. तुम्ही कधी एक शब्द बोलला नाहीत."

"मी आत होती," कौशल्याबाई म्हणाल्या. "पंधरा पंधरा मानसाचा चहा राहे."

वकिलांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "दर रविवारी आम्ही इथंच वाचायला बसतो. पुढच्या वेळी धान्यवसुलीचाच विषय घेऊ. तुम्ही या. या बाईंनाही घेऊन या."

"चहा कोन करनार?"

आत दोन कार्यकर्ते खुर्च्या रचत होते, त्यांच्याकडे वकिलांनी पाहिलं. मग देवश्रीकडे.

"मी करीन," ते म्हणाले. "आजवर केलेला नाही. पण करीन."

कौशल्याबाईंनी चपला पायात सरकवल्या.

"नवाची एस.टी. भेटते मले," त्या म्हणाल्या. "साडेदहाच्या आंधी सुरू नका करू."