मोठ्या सुट्टीपर्यंतची शाळा

पार्लरमध्ये भर कामात फोन वाजला की ठमीच्या आईला न बघताच कळायचं, शाळेचाच. समोर कुणाच्या तरी केसांना अर्धा रंग लावून झालेला, आणि फोनवर शाळेतल्या बाई, "आजच्या दिवस घेऊन जा हो हिला." आजच्या दिवस म्हणे! हा आजचा दिवस वर्षभर संपायचं नाव घेत नव्हता.

मोठी सुट्टी संपल्याची घंटा झाली की सगळा वर्ग आरडाओरडा करत आत घुसायचा. ठमीला तो गोंगाट सोसायचा नाही. ती कान दाबून किंचाळायची. तिला थोडा वेळ बाजूला शांत बसू दिलं, तर ती आपोआप निवळायची. हे सांगून सांगून आईच्या तोंडाला फेस आला होता. पण शाळेचं आपलं एकच, लावा फोन. बरं, काढून टाकलं असंही कुणी म्हणायचं नाही. भांडायचं तरी कशावरून?

त्या दिवशी ती ब्रश टाकून निघाली, तर गिऱ्हाईक बाई आरशात बघून ओरडल्या, "अगं, मी काय अशी अर्धी म्हातारी घरी जाऊ?" आईच्या डोक्यात तिडीकच गेली. ती तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरली.

"उद्यापासून मी न्यायला येणार नाही. घंटेच्या वेळी तिला बाहेर जरा बसू द्या, मग आत घ्या आणि शिकवा. सगळ्यांची शाळा पूर्ण आणि माझ्याच पोरीची अर्धी का?"

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं, करून बघू."

दुसऱ्या दिवशी फोन वाजलाच नाही. आईला आनंदापेक्षा धास्तीच जास्त. हातातलं गिऱ्हाईक आटोपलं तशी ती शाळेकडे धावली.

फाटकाजवळच्या बाकावर ठमी बसलेली. पाठीला दप्तर, मांडीवर डबा.

"कुणी बसवलं गं तुला इथे?"

"कुणी नाही."

"आपणहून आली," शिपाईमामा म्हणाले. "रोजच जाते, म्हणून बाईंनीही काही विचारलं नाही."

"मी किंचाळले नाही," ठमी शहाण्यासारखी म्हणाली. "घंटेच्या आधीच आले. मोठी सुट्टी झाली की माझी शाळा संपते ना? तूच उशीर केलास."

आईला रडू फुटलं आणि रडण्याहून जास्त संताप आला. कुणाच्या नावानं बोटं मोडावीत तेच कळेना.

"नाही संपत," असं म्हणून तिनं पोरीचा हात धरला आणि वर्ग गाठला.

बाई फळ्यावर भागाकार शिकवत होत्या. "अय्या, अजून गेली नाही का ही?"

आई सरळ आत शिरली. ठमीच्या जागेवर पोरांनी आपली दप्तरं रचून ठेवली होती. ती एकेक उचलून खाली ठेवू लागली. वर्ग टकामका बघत राहिला.

ठमी दारातच थांबली होती. "आई, नको ना. सुट्टीनंतर ती जागा दप्तरांची असते."

"होती," आई म्हणाली, आणि शेवटचं दप्तर तिनं खाली आपटलं.