अपूर्ण म्हणजे नापास नव्हे

आक्कांचे यजमान लांबलचक आजारानंतर गेले आणि आक्का धाकट्या भावाकडे कायमच्या राहायला आल्या, त्या सालची ही गोष्ट.

भाऊ विद्यापीठाच्या बदली-प्रवेश विभागात होता. दुसरीकडे अर्धं शिकून इकडे येऊ पाहणाऱ्या मुलांच्या जुन्या गुणपत्रिका तपासायच्या, कोणत्या विषयाची क्रेडिट, म्हणजे त्या विषयाला ठरवून दिलेले भारांक, इथे चालतील ते ठरवायचं आणि सगळ्या विषयांची मिळून सरासरी काढायची, हे त्याचं काम. सरासरी ठरलेल्या रेषेच्या वर गेली तर मूल आत, खाली राहिली तर बाहेर. हिशेब तो दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत करी आणि मग तिथून केसभर हलत नसे. म्हणून कचेरीत त्याला सगळे दशांशराव म्हणत. त्यालाही मनातून ते नाव आवडे.

त्या विभागाची एक जुनी सवय होती. गुणपत्रिकेवर श्रेणीच्या जागी कधी ‘अनुत्तीर्ण’ असे, कधी ‘अनुपस्थित’, कधी ‘अपूर्ण’. कुणा जुन्या साहेबाने नव्या माणसांच्या लक्षात राहावं म्हणून सोपी खूण करून ठेवली होती : तीन ‘अ’, तिन्ही शून्य. साहेब निवृत्त झाले, खूण राहिली. दशांशरावाने ती शिकून घेतली आणि पुढच्यांना शिकवली. का, असं कुणी विचारलं नाही.

एके दिवशी खिडकीशी एक मुलगी आली. त्या खिडकीच्या काचेला बोलण्यासाठीचं भोक इतकं खाली होतं, की येणाऱ्याला वाकूनच बोलावं लागे.

“सर, माझी सरासरी एवढी खाली कशी आली? मी एकाही विषयात नापास नाही.”

“मागच्या सत्रातले विषय शून्य धरलेत.”

“ते अपूर्ण आहेत, सर. परीक्षा व्हायचीय अजून. बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं, म्हणून मी परवानगी काढून इथे घरी आले. कॉलेजने मुदत दिलीय मला.”

“इथे अपूर्ण म्हणजे शून्यच.”

“का पण?”

दशांशरावाने चष्मा पुसला. “पद्धत आहे. आणि एवढी घाई कसली? ते विषय पूर्ण कर, पुढच्या वर्षी अर्ज कर. विद्यापीठ काही पळून जात नाही.”

मुलगी थोडा वेळ वाकलेलीच राहिली. मग म्हणाली, “पुढच्या वर्षी मला या गावात यायची गरज उरणार नाही, सर.”

आणि ती निघून गेली.

संध्याकाळी जेवताना दशांशरावाने हा किस्सा हसत हसत सांगितला. “आजकालच्या पोरांचा तोरा बघ, आक्का! प्रवेश मिळाला नाही तर म्हणते, गरजच नाही तुमची!”

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“अरे, काय म्हणाली ती, ते कळलं का तुला?”

“म्हणजे?”

“बापाजवळ राहता यावं म्हणून ती पोर इकडे यायला बघतेय. पुढच्या वर्षी बाप नसेल, असं सांगत होती ती तुला. आणि तुला तोरा दिसला!”

दशांशरावाने ताटातला भात उगाच सारखा केला आणि म्हणाला, “वाईट वाटतं गं. पण हिशेब तो हिशेब. तिथे दयामाया आणली तर संपलंच.”

“दया कोण मागतंय? हिशेबच समजावून सांग मला. मी काही तुझ्यासारखी दशांशवाली नाही.”

“सोपं आहे. प्रत्येक विषयाच्या श्रेणीचे गुण त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचे. सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायची. आता अपूर्ण विषयाचं वर काहीच पडत नाही, शून्य. खाली मात्र त्याची क्रेडिट धरायची, म्हणजे मग भागाकार…”

तो अडखळला. इतक्या वर्षांत हे त्याने कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं.

“म्हणजे न दिलेल्या परीक्षेचा भार दिलेल्या परीक्षांवर?” आक्कांनी विचारलं. त्यांनी कोपऱ्यातलं विणकाम उचललं. “हा तुझा स्वेटर. एक बाही व्हायचीय. याला फाटका म्हणशील का रे?”

“नाही.”

“मग? नापास म्हणजे परीक्षा दिली आणि पडला. अपूर्ण म्हणजे अजून व्हायचंय. जे झालंच नाही ते मोजू नये, ना वर, ना खाली! तुझे भावोजी अंथरुणाला होते, तेव्हा माझी किती कामं अर्धी राहिली. मी काय नापास झाले?”

अरेरे! इतकी वर्षं दशांशाचं दुसरं घर सांभाळणाऱ्या माणसाला पहिलीच पायरी चुकलेली दिसली! अशा किती मुलांना आपण परत पाठवलं, हा विचार मनात येताच त्याला ताटावर बसवेना.

दुसऱ्या दिवशी तो सध्याच्या साहेबांपुढे उभा राहिला आणि ‘अपूर्ण’ला शून्य धरायचा नियम कुठे लिहिलाय, असं त्याने विचारलं.

“लेखी असं काही नाही त्याबद्दल,” साहेब म्हणाले, “पण चालत आलंय. एकीचं बदललं तर सगळ्यांचं काढावं लागेल, दशांशराव.”

“काढू या, साहेब. मी बसतो. चूक माझ्या हातची आहे.”

साहेबांनी टिपणवही ओढून नोंद केली. “बरं. समितीपुढे ठेवतो. पण समिती पुढच्या महिन्यात बसेल.”

दशांशरावाने मुलीच्या घरी फोन लावला. आईने उचलला. मागे कुणीतरी खोल खोकत होतं.

“ती परत गेली हो. तुम्ही नाही म्हटलंत, मग म्हटलं तिकडची हजेरी तरी बुडायला नको. तिच्या बाबांनीच पाठवलं तिला.”

“समितीने होकार दिला की लगेच कळवतो, वहिनी.”

“कळवा,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तेच त्याला जड गेलं.

समिती बसली. नवी पद्धत ठरली : अपूर्ण विषय पूर्ण होईपर्यंत सरासरीत धरायचा नाही. मुलीची सरासरी रेषेच्या बरीच वर गेली. तिला प्रवेश मिळाला. आईला सोबत हवी म्हणून ती आली, वाकून सही केली आणि गेली. दशांशरावाला मान वर करता आली नाही.

वाचकहो, आपणही कुठल्या ना कुठल्या खिडकीमागे बसलेले असतो; कुणी कचेरीत, कुणी शाळेत, कुणी घरात. समोरच्याचं अर्धं राहिलेलं काम दिसलं की आपण चटकन शून्य मांडतो. ते अर्धं का राहिलं, हे आधी विचारा. आणि पिढीजात चालत आलेली पद्धत एकदा तोंडाने मोठ्याने बोलून पाहा. चुकीची असेल तर जीभच अडखळेल. पण हे वेळेवर करा. उशिरा सुधारलेली चूक पुढच्यांच्या उपयोगी पडते, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या नाही.

मुलीचे वडील समितीच्या बैठकीआधीच्या मंगळवारी दुपारी वारले. त्या वेळी ती परगावी वर्गात बसलेली होती.