बाईंचं माप

करकर करत शिलाई मशीनचा खण उघडला आणि निपचित पडलेलं घर जागं होतंय की काय, या धास्तीनं आजीचा हात जागच्या जागी थांबला.

"आई, ओढा खुशाल," आतल्या खोलीतून सून कुजबुजली. ती तान्ह्याला थोपटत होती. "हा झोपलाय, आणि ठकी शाळेतून परस्पर मैत्रिणीकडे गेलीय खेळायला."

"हळू बोल गं बाई. भिंतीला कान असतात."

"भिंतीला असू देत. तुमच्या नातीचे नाहीत ना इथं आत्ता?"

आजीनं खणातली पाटी काढली, पिशवीत तळाशी सरकवली आणि वर दोन शिवलेले सदरे पसरले. रस्त्यात कुणी भेटलं तर कपडे पोचवायला निघाल्यासारखं दिसावं. सगळ्या गल्लीचे कपडे शिवून हयात गेली. पण अक्षर ओळखायची वेळ आली की, "चष्मा घरी राहिला," हे एकच उत्तर. मापंसुद्धा ती दोऱ्याला गाठी मारून ठेवायची. दंडाला एक गाठ, छातीला दुसरी, आणि दोऱ्याच्या टोकाला ज्याचा त्याचा चिंधीचा तुकडा. लोकांना वाटायचं, जुनी माणसं, जुनी पद्धत.

शिकायचा हट्ट सुनेचा. तिनंच शाळेतल्या बाईंशी बोलून ठेवलं होतं. मुलं घरी गेली की मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा, नेमका ठकीच्याच वर्गखोलीत. आजीची अट एकच होती, ठकीला कळता कामा नये. कारण मागे ठकीच त्या वर्गाची नक्कल करून दाखवत होती, कमरेत वाकून, डोळे बारीक करून. "आजी, एवढे घोडे झाले तरी ढ!" आणि आजीही तिच्याबरोबर हसली होती. ते हसू अजून सलत होतं.

वर्गातले बाक पोरांच्या मापाचे. आजी बसली तर गुडघे वर बाकाला टेकले. शेजारी गोदामाचा म्हातारा रखवालदार येऊन टेकला.

"ताई, सरका जरा. बाकावर नाव कोरलंय की काय तुमचं?" तो म्हणाला. "कोरलं असलं तरी मला कुठं वाचता येतंय म्हणा!"

सगळे हसले. आजीही ओठ दाबून हसली, पण पदर काही तोंडावरून खाली आला नाही.

बाई तरुण होत्या, ठकीच्याच वर्गशिक्षिका. "आजी, पहिलं अक्षर कुठलं काढू या?"

"ठकीचा ठ," आजीच्या तोंडून निसटलं.

बाईंनी फळ्यावर ठ काढला. एक गोल, आणि वर काडी. आजीनं जीभ दातात धरून पाटीवर गोल ओढला. झाला. आणि झाल्याबरोबर तळहातानं साफ पुसून टाकला.

"अहो, पुसलंत का?"

आजी ओशाळली. शिवण पुरी झाली की कापडावरचा खडू झटकायचा, ही जन्माची सवय. खूण राहिलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देणं म्हणजे स्वतःची अब्रू वेशीवर टांगणं. दुसऱ्यांदा काढला, हात पुन्हा आपसूक पुसून मोकळा.

"राहू द्या, आजी," बाई हळूच म्हणाल्या. "खूण राहावी म्हणूनच काढायचं असतं हे."

तिसऱ्यांदा आजीनं डावा हात मांडीखाली दाबून धरला. ठ राहिला. वेडावाकडा, एका बाजूला कललेला, पण राहिला. ती त्याच्याकडे बघतच बसली.

तेवढ्यात दारात आवाज आला. "बाई, माझी पाण्याची बाटली राहिली."

ठकी. मागे तिची मैत्रीण.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं आजीला झालं. ठकीचे डोळे बाकांवरून फिरत आजीवर येऊन थांबले.

"आजी? तू इथं?"

आजी ताडकन उठली. गुडघा बाकावर आपटला. पिशवीतलं दोऱ्याचं रीळ कधी हातात आलं ते तिलाही कळलं नाही. "बाईंचं माप घ्यायला आलेय गं. पोलकं शिवायचंय त्यांना."

बाईंनी एकवार आजीकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं दोन्ही हात बाजूला पसरून उभ्या राहिल्या. "बाही थोडी सैल ठेवा हं, आजी."

आजी दोरा लावू लागली. गाठ बसत नव्हती. ठकी मैत्रिणीला ऐटीत सांगत होती, "माझी आजी नुसतं बघून माप सांगते!"

मैत्रिणीचं लक्ष मात्र बाकावर. "अय्या, ही कुणाची पाटी? हा ठ आहे? बटाटा आहे नुसता!"

आजीच्या बोटांवर दोरा काचला. माझा, म्हणायला एवढंसं तोंड उघडायचं होतं.

"माझा गं बायांनो," रखवालदार म्हणाला. स्वतःची एक पाटी समोर असताना त्यानं तीही पुढ्यात ओढून घेतली. "म्हाताऱ्याचा हात वळत नाही. हसा, हसा."

पोरी खिदळल्या. आजीनं मान वर केली नाही. बाईंच्या खांद्यावर ती गाठीवर गाठ मारत राहिली, आणि मैत्रीण, "आजी, बघा ना केवढा वाकडा!" म्हणाली तेव्हा हसलीसुद्धा.

पिशवी उचलताना तिनं रखवालदाराकडे पाहिलं नाही. पाटी त्याच्यापुढेच राहिली.

मैत्रीण कोपऱ्यावर वळून गेली. आजी आणि ठकी दोघीच चालू लागल्या. पिशवी हलकी झाली होती, तरी आजीचा खांदा ओढत होता. ठकीनं तिचा हात धरला, उलटा केला, आणि तळव्यावरची खडूची पांढरी पूड बोटानं हळूहळू पुसत राहिली. मग मान वर करून विचारलं,

"आजी, उद्या कुणाचं माप घ्यायला जाशील?"